ग्रुप सोडून गेलेल्या अकरा जणांचं म्हणणं

ताई, नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात इतिहास शिकवतो आणि रविवारी त्याच इमारतीत भरणाऱ्या दूरशिक्षणाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, म्हणून जातो. आमचे विद्यार्थी नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून बी.ए. करतात. रविवारी वर्गात वीस-पंचवीस जण आले तरी गर्दी झाल्यासारखी वाटते. त्यामुळे खरं शिकवणं व्हॉट्सॲपवरच चालतं. 2020 च्या टाळेबंदीत प्रथम, द्वितीय आणि तृतीय वर्षाचे तीन ग्रुप काढले होते. 2022 च्या शेवटी ग्रुपची मर्यादा वाढली, तेव्हा सोयीचं पडेल म्हणून तिन्ही एक केले. आज त्यात 340 जण आहेत. नोट्स, माझ्या आवाजातली व्याख्यानं, यूट्यूबच्या लिंका, स्वाध्यायाच्या तारखा, सगळं तिथेच टाकतो.

गेल्या महिन्यात अकरा जणांनी गुपचूप ग्रुप सोडला. त्यात नऊ महिला. एका विद्यार्थिनीने आमच्या मॅडमना सांगितलं, की ग्रुपमधलं कोणीतरी तिला रात्री मेसेज करतं. मी लगेच ग्रुपवर पोल टाकला: 'अभ्यासासाठी हा ग्रुप हवा की नको?' 212 जण 'हवा' म्हणाले, तिघे 'नको'. तरुण मुलं तर म्हणतात, सर, टेलिग्रामवर चॅनेल काढा, इन्स्टावर या. म्हणजे विद्यार्थ्यांना सोशल मीडिया हवाच आहे ना? मग हे अकरा जण का गेले? ग्रुप चालू ठेवू की बंद करू? रात्री अकरापर्यंत मी उत्तरं देत बसतो, त्यावरून घरीही बोलणी खातो, ते वेगळंच.

— एक समंत्रक, मराठवाडा

*

सर,

त्या तीन 'नको'वाल्यांचं मला फार कौतुक वाटलं. व्हॉट्सॲपच्या पोलवर टिचकी मारली की कोणी काय मत दिलं ते नावानिशी दिसतं. म्हणजे तुम्ही वर्गात उभं राहून "मी शिकवतो ते कळतं ना रे?" असं विचारलंत आणि पोरांनी माना डोलावल्या. स्वाध्याय तपासणाऱ्या सरांना तोंडावर 'नको' म्हणायला छाती लागते. शिवाय आकडे जरा मांडून बघा. 212 आणि 3 मिळून 215. उरलेले 125 जण बोललेच नाहीत. आणि अकरा जण पोलच्या आधीच बोलून गेले. 2022 पासून ग्रुप सोडला की सूचना फक्त ॲडमिनला जाते, बाकीच्यांना नाही. त्यांचं मत त्यांनी तुम्हाला एकट्याला कळवलं होतं. तुम्ही मात्र उत्तर उरलेल्यांकडे मागितलंत.

पण ग्रुपचं नंतर बघू. आधी त्या विद्यार्थिनीचं. पत्रात तिच्यासाठी एक वाक्य आहे आणि पोलसाठी त्याहून जास्त. राग मानू नका, पण हे उलटं हवं होतं.

ती ज्या मॅडमशी बोलली त्यांनाच तिच्याशी पुढे बोलू द्या. तुम्ही थेट फोन करू नका. नंबर नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या फोनचा असला, तर 'सरांचा फोन कशाला आला' याचं उत्तर तिलाच देत बसावं लागेल. मॅडमनी तिला सांगावं, की मेसेज पुसू नकोस, स्क्रीनशॉट काढून ठेव. ग्रुप सोडला म्हणून तुझा एक गुणही जाणार नाही. तक्रार करायची की नाही ते तू ठरव, केलीस तर मी बरोबर येते. तक्रार घ्यायला जागा आहे. उच्च शिक्षणसंस्थांमधल्या लैंगिक छळाबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) 2015 चे नियम आहेत, त्यांत विद्यार्थी म्हणजे दूरशिक्षणाचे विद्यार्थीही धरलेत. तेव्हा 'ही रविवारची मुलं, आमची नव्हेत' असं कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीला म्हणता यायचं नाही. बाईने स्पष्ट नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा मेसेज करत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली पाठलागाचा गुन्हा आहे. ही संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली, पण त्याआधीही तो गुन्हाच होता, फक्त कलम वेगळं होतं.

आणि हो, त्या मेसेजवाल्याला ग्रुपवर जाहीर झापू नका. तुमचा हात शिवशिवत असणार, पण तुम्ही झापलंत की तासाभरात अख्खा ग्रुप 'ती कोण?' हे शोधायला लागेल. त्याला समोर बसवून, मॅडमच्या देखत सांगा. लेखी सांगा.

आता तुमच्या वाट्याचं. तिने प्रवेशअर्जावर नंबर लिहिला तो अभ्यासकेंद्रासाठी. दुसऱ्या वर्षातल्या, कधी न पाहिलेल्या पोरासाठी नव्हे. तीन ग्रुपांचा एक करताना 340 जणांचे नंबर तुम्ही एकमेकांपुढे ठेवलेत आणि कोणाला विचारलं नाहीत. तुमचा हेतू सोयीचा होता, पण सोय तुमची झाली. शिवाय 2020 ला प्रथम वर्षाला आलेले आता कधीच पदवीधर झाले असतील. ते अजून ग्रुपात असतील तर त्या बायकांचे नंबर विद्यार्थी नसलेल्या माणसांकडेही आहेत. यादी काढून बघाच.

तुम्ही विचारलंत, विद्यार्थ्यांना सोशल मीडिया हवाच आहे ना? तुमचं पत्र आल्यावर मी ओळखीच्या चार-पाच दूरशिक्षणवाल्यांना फोन केले. ते वेगवेगळ्या केंद्रांचे आहेत, पण बोलणं ऐकून तुम्हाला तुमचीच मुलं आठवतील.

पहिला एसटीत वाहक आहे. मुक्कामी गाडी घेऊन गेला की रात्र त्या गावात काढायची, आणि त्या गावात रेंज नाही. डेपोत असताना तो सरांच्या आवाजातलं व्याख्यान उतरवून ठेवतो आणि रात्री गाडीतल्या सीटवर आडवा होऊन ऐकतो. म्हणाला, "पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. सरांचा आवाज आला की वर्गात बसल्यासारखं वाटतं." तक्रार एवढीच, की सर चाळीस मिनिटं एका दमात बोलतात. मध्ये झोप लागली की पुन्हा कुठून ऐकायचं ते सापडत नाही.

दुसरी अंगणवाडीताई. तिच्या फोनवर आधीच बीटचा ग्रुप, प्रकल्पाचा ग्रुप, गावातल्या मातांचा ग्रुप आणि पोराच्या शाळेचा ग्रुप. दिवसभर माहिती भरून फोनकडे बघायची इच्छा उरत नाही. "स्वाध्यायाची तारीख आली होती हो, पण तिच्यावर सत्तावीस गुड मॉर्निंग येऊन बसले." एक स्वाध्याय राहिला तो तेवढ्यावरून.

तिसरा पोरगा दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला कर्नाटकात जातो. हा मात्र ग्रुपच्या बाजूने भांडला. फडावर पुस्तकांचं ओझं नेता येत नाही, रविवारचा वर्ग तर पाच-सहा महिने नाहीच. तुमच्यासारख्या सरांनी पुस्तकाच्या पानाचा फोटो टाकला तर तो लगेच उतरतो आणि कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, बसून वाचता येतो. यूट्यूबची तासाभराची लिंक टाकली तर दिवसाचा डेटा तिथेच संपतो, मग घरच्यांना फोन लावायचीही पंचाईत. "ग्रुप नसता तर मी दुसऱ्या वर्षाला आलोच नसतो," असं तो म्हणाला. म्हणून सर, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच देऊन टाकते. फोनवरून शिकवणं बंद करू नका.

चौथी माझ्या मैत्रिणीची भाची, दोन मुलांची आई. घरात चांगला फोन एकच, संध्याकाळी तो नवऱ्याच्या खिशात जातो. तिने एकदा ग्रुपवर शंका विचारली. लिहिताना एक शब्द चुकला, त्यावर कोणीतरी हसण्याची इमोजी टाकली आणि आणखी आठ जणांनी टाकली. त्या दिवसानंतर तिने ग्रुपवर अक्षर लिहिलेलं नाही. पण मला खरं थांबवलं ते तिच्या पुढच्या वाक्याने. म्हणाली, "मावशी, त्या ग्रुपात माझा चुलत दीर आहे. मी परीक्षेला बसतेय हे सासरी सांगितलं नव्हतं. नापास झाले तर हसं नको म्हणून. आता सगळ्यांना माहीत आहे."

हे शहरात बसून कळत नाही. तालुक्याच्या गावात अनोळखी असं कोणी नसतंच. 340 जणांच्या ग्रुपात कोणाचा दीर, कोणाचा मालक, कोणाच्या भावकीतला, कोणाशी बांधाचा वाद असलेला, असं सगळं येतं. तुम्ही इतिहासाचा ग्रुप काढलात आणि त्याची चावडी झाली.

मी स्वतः नोकरीत असताना मुक्त विद्यापीठातून बी.एड. केलं. ते विद्यापीठ 1989 मध्ये नाशिकला सुरू झालं, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. आमच्या घरी ती गंगा पोस्टमनच्या पिशवीतून यायची. जाड पुस्तकं, प्रकरणाच्या शेवटी स्वतःच सोडवायचे प्रश्न, शंका आली तर पत्र लिहायचं आणि उत्तर येईपर्यंत ती शंकाच विसरून जायची. त्या दिवसांचं मी कौतुक करणार नाही. तुमच्यासारखे सर त्याच संध्याकाळी उत्तर देणारे असते, तर माझी मूल्यमापनाच्या पेपरातली फजिती टळली असती. पण एक सुख होतं. मी काय चुकते ते मला आणि तपासणाऱ्याला, दोघांनाच माहीत असायचं. वय वाढल्यावर शिकणाऱ्या माणसाला ते लपलेपण फार हवं असतं. कित्येकजण दूरशिक्षण घेतात ते नुसतं कॉलेज लांब आहे म्हणून नाही. वर्गात तरुण पोरांच्यात बसायची लाज वाटते म्हणूनही घेतात.

म्हणून माझं म्हणणं असं: तुमच्या विद्यार्थ्यांना फोनवर सर हवे आहेत. बाकीचे 339 नको आहेत. सर जवळ यावेत आणि वर्ग लांबच राहावा, असं हे दुहेरी मागणं आहे, आणि त्यात काही चूक नाही. पोलमध्ये तुम्ही दोन्ही गोष्टी एका प्रश्नात कोंबल्यात, त्यामुळे उत्तर 'हवा' आलं. वाहकाला तुमचा आवाज हवा होता, ऊसतोडीवरच्या पोराला पानाचा फोटो हवा होता. 'हवा'चा अर्थ तेवढाच.

टाळेबंदीत घाई होती, तो दोष मी कोणालाच देणार नाही. राज्याची 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमालासुद्धा तेव्हा व्हॉट्सॲपवरूनच पालकांपर्यंत पोचत होती. दुसरा रस्ता नव्हता. पाऊस आला म्हणून आपण ताडपत्री बांधली. पाऊस गेला, पण आपण अजून त्याच ताडपत्रीखाली राहतोय आणि वर आणखी माणसं आत घेतोय.

आता काय करायचं ते. पहिल्यांदा तो मोठा ग्रुप फक्त ॲडमिनने लिहायचा करा. सेटिंगमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. गुड मॉर्निंग, वाढदिवस, नेत्यांचे फोटो, सगळं त्याच क्षणी थांबेल. पण नंबर दिसतच राहतात, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. व्हॉट्सॲपचं चॅनेल 2023 पासून आपल्याकडे आहे. त्यात फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. सूचना, तारखा, आवाजातली व्याख्यानं आणि पानांचे फोटो तिकडे हलवा. महिनाभर दोन्हीकडे टाका, सगळे तिकडे गेले की जुना ग्रुप मोडा. मात्र चॅनेलची लिंक कुठेही फिरू शकते. नावं, बैठक क्रमांक, कोणाचे गुण किती, असलं काही तिथे टाकायचं नाही.

व्याख्यान सात-आठ मिनिटांचं करा आणि वर विषय लिहा: 'सत्यशोधक समाज, भाग 2'. नुसता आवाजाचा मेसेज टाकला तर दोन महिन्यांनी परीक्षेच्या वेळी तो कोणाला सापडणार? यूट्यूबची लिंक टाकाल तेव्हा नेमका कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत बघायचं ते सांगा. ऊसतोडीवरच्या पोराचा डेटा वाचेल. खरं तर तुमचाही थोडा अभ्यास होईल, कारण अशा पुष्कळ लिंका आपण पूर्ण न बघताच पुढे ढकलतो. मीही ढकललेल्या आहेत.

शंका मात्र चावडीवर नकोत. ज्याने त्याने तुम्हाला किंवा मॅडमना वेगळ्या विचाराव्यात आणि तुम्ही दर शनिवारी त्यांची उत्तरं नाव न घेता चॅनेलवर टाकावीत. 'एकीने विचारलंय' असंही लिहू नका, 'एका विद्यार्थ्याची शंका' पुरे. पहिल्या महिन्यात पाच शंका येतील, तिसऱ्या महिन्यात पन्नास, असा माझा अंदाज आहे. चुकला तर कळवा.

ज्यांना एकमेकांशी बोलायचंच आहे त्यांनी आपापले पाच-सहा जणांचे गट करावेत. शेजारच्या दोन गावांतल्या तिघी मिळून अभ्यास करणार असतील तर त्यासारखं काही नाही. पण तो त्यांनी काढायचा, तुम्ही नाही.

परीक्षेचा अर्ज, स्वाध्यायाची शेवटची तारीख, अशा गोष्टी निव्वळ फोनवर ठेवू नका. केंद्राच्या फळ्यावर लावा आणि साधा एसएमएसही करा. साध्या फोनवाले विद्यार्थी अजून आहेत. सोशल मीडियावर नसल्यामुळे कोणाचं वर्ष बुडता कामा नये. नाहीतर मग तो ऐच्छिक राहिलाच कुठे?

टेलिग्रामबद्दल. तरुण मुलं सांगतात त्यात तथ्य आहे. तिथे नंबर लपवता येतो, चॅनेलवर उशिरा आलेल्यालाही पहिल्या दिवसापासूनचं सगळं दिसतं, आणि ग्रुपवरचा पोल मुद्दाम बदलला नाही तर निनावीच असतो. पण तुमच्या किती विद्यार्थिनींच्या फोनवर टेलिग्राम आहे ते आधी मोजा. घरबसल्या पैसे कमवा म्हणणारे भामटेही तिथे टपलेले असतात. जोडीला चालेल, सक्ती नको.

इन्स्टाबद्दल मी मुद्दाम एका पोलीस भरतीवाल्या पोराला विचारलं. पहाटे ग्राउंड, दुपारी ॲकॅडमी, रात्री बी.ए. असा त्याचा दिवस. फोनमध्ये टेलिग्रामवरून उतरवलेल्या पीडीएफ एवढ्या आहेत, की फोन अडखळायला लागलाय. त्यातल्या किती उघडल्या विचारलं तर हसला. रीलवर अभ्यास होतो का, या प्रश्नावर मात्र सरळ बोलला: "मॅडम, अभ्यासाचं रील बघायला जातो आणि अर्ध्या तासाने बैलगाडा शर्यत बघत असतो. बोट आपोआप सरकतं." तोच तुमच्यासारख्या सरांना इन्स्टावर बोलावणारा! त्याला दोष देत नाही. त्याला सर आवडतात, म्हणून आपल्या अड्ड्यावर बोलावतो एवढंच. तुम्ही जायचं तर हौसेने जा. 1857 वर एक मिनिटाचं रील करून कोणाला पुस्तक उघडावंसं वाटलं तर चांगलंच. पण त्याला अभ्यासक्रम समजू नका. आणि विद्यार्थिनींनी फॉलो केलं म्हणून तुम्ही त्यांना उलट फॉलो करू नका. त्यांच्या हळदीकुंकवाचे फोटो सरांनी बघायचे नसतात.

त्यांचं खरं मत पाहिजे असेल तर ते कागदावर घ्या. स्वाध्याय जमा करायला सगळेच एकदा केंद्रावर येतात, तेव्हा प्रत्येकाच्या हातात नाव नसलेली एक चिठ्ठी द्या आणि दारात खोका ठेवा. 'ग्रुप हवा का' हे विचारूच नका. फोन तुमचा स्वतःचा की घरातला? तो अभ्यासाला कधी हातात असतो? तुमचा नंबर इतर विद्यार्थ्यांना दिसलेला चालेल का? शेवटची शंका कधी विचारली, आणि नसेल विचारली तर का? एवढे चार प्रश्न बास. यांची उत्तरं वाचून तुम्हाला माझ्या पत्राची गरज उरणार नाही.

आणि रात्रीचं. शंकांची वेळ ठरवा, संध्याकाळी सात ते आठ, आणि चॅनेलच्या माहितीत तसं लिहून टाका. आठनंतर आलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या दिवशी सातला. ज्या सरांचा मेसेज रात्री अकरा वाजता येतो, त्या ग्रुपात बाकीच्यांनाही रात्री अकरा ही बोलायची वेळ वाटायला लागते. घरची बोलणी आपोआप कमी होतील. पूर्ण थांबतील असं मात्र मी सांगत नाही, त्यांची कारणं इतरही असू शकतात.

तुमची ताई

ता.क. त्या तिघांनी 'नको' का म्हटलं ते जरूर विचारा. पण रविवारी, एकेकाला, बाहेरच्या टपरीवर चहा पाजून.